पाण्याखालचा हजेरीपट



या व्यासपीठावर यापूर्वी मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. त्यांच्या रांगेत उभे राहण्याची माझी योग्यता नाही, हे मी प्रथमच सांगून टाकतो. मी नववीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे शिक्षण थोडे गोदीच्या फाटकावर झाले आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो आहे. तेव्हा मंडळाचे चिटणीस निमंत्रण घेऊन आले, त्या वेळी मी बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखादा विषय घेईन असे त्यांना वाटले असावे. मी विषय सांगितला, ‘थंड समुद्रात बुडी मारणाऱ्या नवशिक्याने प्राणी कसे ओळखावेत.’ त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारले, “भाऊ, प्रकृती ठीक आहे ना?”

प्रकृती ठीक आहे. माझी मुलगी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरात असते. तिच्याकडे मी दोन उन्हाळे राहिलो. मी कोकणातला, पोहणे लहानपणापासूनचे. रिकामा वेळ जाईना, तेव्हा वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिथल्या एका क्लबात पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरायला शिकलो. यालाच स्कूबा म्हणतात. मी त्यातला तज्ज्ञ नाही, नवशिकाच आहे. पण नवशिक्याला एक फायदा असतो. आपण कसे शिकलो ते त्याच्या ध्यानात ताजे असते. आणि ते शिकताना मला आपल्या रोजच्या व्यवहाराची एक गोष्ट नव्याने उमगली, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम त्या पाण्याची कल्पना देतो. क्लाइड नदीच्या मुखाशी जो समुद्र आहे, त्याचे लांब चिंचोळे फाटे डोंगरांत शिरलेले आहेत. त्यांना तिकडे लॉख म्हणतात. आपल्या खाड्यांसारखेच, पण फार खोल. मार्चमध्ये तिथल्या पाण्याचे तापमान सात अंशांच्या आसपास असते. उन्हाळा संपतासंपता ते तेरा-चौदा अंशांवर जाते. म्हणून आत पाणी न शिरणारा रबरी पोशाख घालावा लागतो, त्याच्या आत लोकरीचे कपडे, आणि त्या सगळ्या फुगाऱ्याला खाली नेण्यासाठी कमरेला शिशाची वजने. एवढे करून खाली गेल्यावर दिसते किती? कित्येक दिवस चार-पाच मीटरांपलीकडे काही दिसत नाही. वसंतात पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचे इतके पीक येते की पाणी हिरवे होते. पण हा हिरवा गढूळपणा म्हणजेच तिथल्या जीवांचा भाकरतुकडा. तो वाहत येतो, आणि खडकाला चिकटून बसलेले हजारो प्राणी हात पसरून तो वेचतात. थंड पाणी म्हणजे ओसाड पाणी, ही आपली समजूत पहिल्याच बुडीत वाहून जाते.

आता मुख्य प्रश्न. समोर शेकडो जीव आहेत आणि एकाचेही नाव ठाऊक नाही. अशा वेळी नवशिका काय करतो? रंगीत चित्रांचे पुस्तक विकत आणतो, दोनशे नावे पाठ करतो आणि पाण्यात उतरून एकेक चित्र शोधू लागतो. हा मार्ग सरळ दिसतो, पण तो फसवा आहे. का, ते सांगतो.

पुस्तकातले चित्र उजेडात काढलेले असते. पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. पाच-दहा मीटर खाली गेले की लालभडक प्राणी तपकिरी किंवा राखी दिसतो. बॅटरीचा झोत टाकला की तोच पुन्हा लाल. तेव्हा कोणता रंग लिहायचा? शिवाय रंग हा मुळातच कच्चा साक्षीदार आहे. तिथे खडकांवर ‘प्लूमोज ॲनिमोन’ नावाचे समुद्रफूल फार आढळते. उंच देठ आणि वर पिसांच्या झुबक्यासारखा माथा. ते पांढरे असते, नारिंगी असते आणि तपकिरीही असते. शेजारीशेजारी तिन्ही रंग उभे असतात, पण जात एकच. एका आईच्या तीन मुलांनी वेगवेगळे सदरे घातले म्हणून आडनावे बदलत नाहीत.

आकारमानाचेही तसेच. डोळ्यांपुढच्या काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठी आणि एक-चतुर्थांश जवळ दिसते. मासे धरणाऱ्यांच्या गप्पांत मासा मोठा का होतो याची कारणे निराळी आहेत, पण बुडी मारणाऱ्याला निसर्गानेच ही सवलत दिली आहे. म्हणून आम्ही मनगटाला जी प्लॅस्टिकची पाटी बांधतो, तिच्या कडेवर सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या असतात. अंदाज सांगायचा नाही, पाटी शेजारी धरून पाहायचे.

मग ओळखायचे कशावरून? मला ज्या बाईंनी हे शिकवले, त्या निवृत्त शाळाशिक्षिका होत्या. त्यांचा नियम असा की आधी घराणे, मग नाव. समोरच्या जिवाला एकेक प्रश्न विचारायचा. तू एका जागी रुजलेला आहेस की चालतोस? तुझ्या अंगाला डावे-उजवे आहे, की चाकाप्रमाणे सगळीकडून सारखा आहेस? तुझे अंग मऊ आहे, कवचाचे आहे की काटेरी? चार-पाच प्रश्नांत तो स्पंज आहे, समुद्रफुलांच्या गोतातला आहे, खेकड्यांच्या, शंखशिंपल्यांच्या की तारामाशांच्या, एवढे ठरते. आपण गाडीत शेजाऱ्याशी बोलू लागतो तेव्हा आधी गाव विचारतो, मग आळी, मग घर. तसेच हे.

उदाहरणे देतो. खडकावर एक मऊ, फुगीर गोळा चिकटलेला आहे. स्पंज असेल किंवा ‘सी स्क्वर्ट’, म्हणजे पिचकारी मारणारा प्राणी. दोन्ही दिसायला सारखे. स्पंजाच्या अंगावर पुष्कळ भोके असतात आणि तुम्ही जवळ गेलात तरी तो ढिम्म असतो. दुसऱ्याला दोनच नळ्या असतात, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. त्याच्याजवळ हाताने पाणी किंचित हलवले की तो नळ्या मिटून घेतो. आता गंमत ऐका. हा पिशवीसारखा, बिनडोक्याचा दिसणारा जीव नात्याने स्पंजापेक्षा तुम्हाआम्हाला कितीतरी जवळचा आहे. त्याचे पिल्लू शेपूट हलवत पोहते, आणि त्या शेपटीत आपल्या पाठीच्या कण्याच्या पूर्वजासारखी एक लवचीक दांडी असते. मोठेपणी एका जागी बूड टेकले की तो ती दांडी आणि शेपूट जिरवून टाकतो. जागा मिळाल्यावर कणा गमावणारे आपण इतरत्रही पाहिले आहेत. त्या विषयात मी आज शिरत नाही.

खेकडे घ्या. तिथे तीन नेहमी भेटतात. ज्याच्या पाठीच्या कडेला करंजीच्या मुरडीसारखी नक्षी आणि नांग्यांची टोके काळी, तो खाण्याचा मोठा खेकडा. ज्याचे डोळे लाल आणि शेवटचे पाय वल्ह्यासारखे चपटे, तो मखमली खेकडा. हा मागे सरत नाही, अंगावर येतो. ज्याचे डोळे लाल नाहीत आणि शेवटचे पायही तसे वल्ह्यासारखे नाहीत, तो बहुधा किनाऱ्यावरचा साधा हिरवा खेकडा. प्रत्येकाच्या दोन खुणा जुळल्या पाहिजेत, एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

तारामासा दिसला की हात मोजायचे. साध्या नारिंगी तारामाशाला पाच. एका मोठ्या जातीला सात. आणि सूर्यतारा म्हणतात त्याला आठपासून चौदापर्यंत. पण तारामाशाचा हात तुटला तर तो पुन्हा फुटतो. म्हणून चार मोठे हात आणि एक अंगठ्याएवढा, असा प्राणी भेटला तर ती नवी जात नसते. तो अपघातातून सावरणारा कामकरी असतो.

हे सगळे करताना हातापायांना थंडी वाजत असते, नळकांड्यातली हवा संपत असते आणि जोडीदाराकडे लक्ष ठेवायचे असते. पाण्याखाली एकट्याने जायचे नाही हा नियम आहे. उतरण्यापूर्वी मी त्याचा पट्टा तपासतो, तो माझा तपासतो. संघटनेची व्याख्या मी बरीच वर्षे शोधत होतो. ती मला तिथे धक्क्यावर, बोचऱ्या वाऱ्यात सापडली. तेव्हा नवशिक्याने एका बुडीत सगळे पाहू नये. आज फक्त तारामासे, उद्या फक्त खेकडे. हात कशालाही लावायचा नाही. खोली, तळ खडकाचा की वाळूचा की चिखलाचा, माप, हातांची संख्या आणि प्राणी काय करत होता, एवढे पाटीवर लिहायचे. वेडेवाकडे का होईना, चित्र काढायचे. पुस्तक उघडायचे ते वर आल्यावर.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम यानंतरचा. खात्री असेल तेवढेच लिहायचे. जात ठाऊक असेल तर जात. नसेल तर ‘तारामासा, पाच हात, जात माहीत नाही’. तेही नसेल तर ‘मऊ गोळा, दोन नळ्या’. यात कमीपणा नाही. ब्रिटनमध्ये ‘सीसर्च’ नावाचा उपक्रम १९८०च्या दशकापासून चालू आहे. हौशी बुडीवाले आपली निरीक्षणे छापील तक्त्यावर भरून देतात आणि जाणकार ती तपासतात. तिथे अर्धवट पण खऱ्या नोंदीला किंमत आहे. पूर्ण पण चुकीच्या नोंदीला नुसती किंमत नाही असे नव्हे, ती शेजारच्या खऱ्या नोंदींचीही किंमत घालवते.

हे ऐकले तेव्हा मला आमचे जुने दिवस आठवले. एका कारखान्यात वर्षानुवर्षे राबणारी कंत्राटी माणसे होती आणि मालकाच्या हजेरीपटावर त्यांची नावेच नव्हती. जे कागदावर नाही ते जगात नाही, हा न्याय. आम्ही आमचा पट केला. नाव, खाते, कामावर लागल्याचे साल; आणि दोन माणसे शपथेवर सांगतील तेवढेच. उत्साही मंडळी म्हणत होती, संख्या फुगवू या, वजन पडेल. आम्ही ते होऊ दिले नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने पानामागून पान उलटले. एक खोटे नाव सापडले असते तर सगळी खरी नावे बुडाली असती.

समुद्राच्या तळाची स्थिती याहून निराळी नाही. तळावर राहणाऱ्यांचे नाव कोणाच्याच पटावर नसते. त्यांच्यावरून काय फिरते ते वरून दिसत नाही. आता मी तुम्हाला ॲरन बेटावर नेतो. हे बेट त्याच क्लाइडच्या मुखाशी आहे. १८८९ पासून किनाऱ्याच्या तीन मैलांच्या आत तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना तिथे बंदी होती. १९८४ साली कायदा बदलला आणि ते संरक्षण गेले. स्कॅलप नावाचा पंख्याच्या आकाराचा शिंपला धरण्यासाठी लोखंडी दात्यांची जड चौकट तळावरून ओढत नेतात, तिला ड्रेज म्हणतात. नांगर शेतात चालतो तेव्हा मागे पेरणी असते. या नांगरामागे पेरणी नसते.

ॲरनच्या तळावर गुलाबी खड्यांसारखे, फांद्या फुटलेले काहीतरी पसरलेले आहे. नवशिक्याला ती रेती वाटते, थोडे वाचलेल्याला पोवळे वाटते. ते दोन्ही नव्हे. ती ‘मर्ल’ नावाची वनस्पती आहे, चुन्याचे अंग धरणारे तांबडे शेवाळ. वर्षाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. त्याच्या फटींतून स्कॅलपची आणि माशांची पिल्ले आसरा घेतात. आता पाहा. ती रेती असेल, तर तिच्यावरून ड्रेज गेल्याने काय बिघडले? उद्या पुन्हा सपाट होईल. ती मर्ल असेल, तर एका सकाळच्या फेरीत कित्येक पिढ्यांचे काम चुरडले गेले. तळ तोच, जागा तीच. फरक एवढाच की पाहणाऱ्याला नाव ठाऊक आहे की नाही.

त्या बेटावर हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश असे दोन रहिवासी होते. दोघेही बुडी मारणारे, कोणी सरकारी शास्त्रज्ञ नव्हेत. आपल्या डोळ्यांसमोर तळ उजाड होताना त्यांनी पाहिला. १९९५ साली त्यांनी गावकऱ्यांची संघटना काढली, तिचे नाव ‘कोस्ट’. सभा, अर्ज, पाहण्या, नोंदी, पुन्हा अर्ज, असे तेरा वर्षे चालले. २००८ साली लॅमलॅश उपसागराचा सुमारे पावणेतीन चौरस किलोमीटरांचा तुकडा, जिथे काहीही धरायचे नाही असा, स्कॉटलंडमध्ये प्रथमच राखीव झाला. पुढे २०१४ मध्ये बेटाच्या दक्षिणेचा मोठा पट्टा संरक्षित जाहीर झाला आणि तिथल्या मासेमारीचे नियम २०१६ मध्ये लागू झाले. वुड यांना २०१५ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. राखीव तुकड्यात स्कॅलप आणि शेवंड संख्येने आणि आकाराने वाढल्याचे नंतरच्या पाहण्यांत दिसले आहे.

इथे माझ्या धंद्यातला प्रश्न येतो, आणि तो टाळून मी खाली बसणे बरे नव्हे. ड्रेजवर काम करणारी माणसे कोण आहेत? कामगारच. बंदी आली की त्यांची रोजी जाते. तारामाशासाठी माणसाच्या पोटावर पाय द्यायचा काय? हा प्रश्न मी तिकडेही विचारला. मला जे पटले ते सांगतो. क्लाइडमध्ये एके काळी हेरिंग माशावर गावेच्या गावे जगत होती, कॉड आणि इतर मासेही होते. ते सगळे एकामागून एक संपत गेले. उरली ती मुख्यतः चिखलातली शेवंडासारखी कोळंबी आणि स्कॅलप. म्हणजे रोजी आधी गेली, बंदी मागाहून आली. शिवाय दक्षिणेकडच्या त्या पट्ट्यात पिंजरे लावणाऱ्याला बऱ्याच भागात मोकळीक आहे. हाताने स्कॅलप वेचणारे बुडीवालेही त्याच समुद्रावर जगतात. तरीही ज्या खलाशाचा धंदा बसला, त्याला दुसरे काम मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. तो तिथेही पुरता सुटलेला नाही. पण तो सोडवायलासुद्धा तळाशी काय आहे आणि काय नाही, याचा खरा पट लागतो. खोट्या पटावर कोणताच तडजोडनामा टिकत नाही.

कोणी म्हणेल, हे शास्त्रज्ञांचे काम, तुमच्याआमच्यासारख्याने त्यात का पडावे? त्याच स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, बॅन्फ गावात, टॉमस एडवर्ड नावाचा एक चांभार होऊन गेला. जन्म १८१४. लहानपणीच शाळा सुटली. दिवसभर जोडे शिवायचे आणि रात्री रानात, किनाऱ्यावर हिंडून जीव गोळा करायचे. ग्रंथ विकत घ्यायला पैसे नव्हते. कोळ्यांच्या जाळ्यांतला गाळ तो मागून आणी, माशांची पोटे तपाशी, आणि सापडलेले कवचधारी जीव नावासाठी विद्वानांकडे पाठवी. त्यांतले काही शास्त्राला नवेच निघाले. १८६६ साली लिनियन सोसायटीने त्याला सहसभासद करून घेतले, आणि १८७६ साली सॅम्युअल स्माइल्स याने त्याचे चरित्र लिहिले. नाव देण्याचे काम विद्वानांनी केले असेल, पण पाहण्याचे काम त्या चांभाराचे होते. पाहण्यासाठी पदवी लागत नाही. सवड लागते; आणि ती आम्हाला कोणी देत नाही, मिळवावी लागते. आठ तासांच्या दिवसासाठी लोक लढले ते केवळ झोपण्यासाठी नव्हे.

शेवटी आपल्या घराकडे येतो. आपला समुद्र कोमट आहे. ओहोटीला खडकांवर जायला रबरी पोशाख लागत नाही, गुडघाभर धोतर वर घेतले की पुरे. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही नागरिकांची मंडळी किनाऱ्यावरचे जीव पाहून त्यांची नोंद करीत आली आहेत. पोवळ्याला आपल्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. २०२० साली किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळी इथल्या पोवळ्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. ते बरे झाले की अपुरे झाले, यावर वाद होऊ शकतो. पण वाद होण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी त्या गढूळ पाण्याकडे बोट दाखवून म्हणावे लागते की हा दगड नव्हे, हे पोवळे आहे. तसे कोणी म्हणेपर्यंत कायदा पुस्तकात झोपलेला असतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या ओहोटीला मुलांना घेऊन खडकांवर जा. एक वही न्या, एक पट्टी न्या. कोळीवाड्यातल्या जाणत्या बाईला बरोबर घ्या. पुस्तकांत नसलेली नावे तिच्या तोंडी असतात. एका दिवशी एकच घराणे पाहा. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. आणि वहीत खात्रीचे तेवढेच लिहा, तारखेसह. तुमच्या हयातीत त्या वहीची गरज पडेल असे मी सांगत नाही. पण पडली, तर तिच्यातले प्रत्येक नाव उलटतपासणीत टिकले पाहिजे.